आई-बाबांचा विसराळूपणा : तपासणीचा योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते, बाबा दूधवाल्याला दोनदा पैसे देतात, आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "वय झालं, चालायचंच." दुसरा त्याच संध्याकाळी एमआरआयची वेळ घेऊन मोकळा होतो. नुकसान दोन्हीकडे आहे. घाईने काढलेला एमआरआय नॉर्मल आला की सगळे निर्धास्त होतात आणि बी-१२ ची कमतरता किंवा रात्रीची झोपेची गोळी आपलं काम चालूच ठेवते. रिपोर्टात 'वयानुसार झीज' असं आलं, तर ज्याला काहीही झालेलं नाही असा माणूस घरात पेशंट होऊन बसतो.

तपासण्या पुण्यात मिळतात, त्यांची वानवा नाही. चुकतो तो क्रम. आधी घरचं निरीक्षण, मग औषधं, कान, झोप आणि मन, मग रक्त, मग विचारशक्तीची चाचणी आणि त्यानंतर स्कॅन, असा तो हवा. एक पायरी गाळली की पुढच्या पायरीचा निकाल फसवतो.

सुरुवातीलाच : हा लेख बाजूला ठेवायची वेळ

गोंधळ काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर तो स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) समजू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम घटणं, साखर खूप खाली जाणं, नवीन औषध, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. गेल्या काही आठवड्यांत बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तरीही थांबू नका. कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त हुबेहूब 'म्हातारपणाच्या विसराळूपणा'सारखं दिसतं आणि ते वेळेवर काढता येतं.

टप्पा १ : नेमकं काय बघायचं ते ठरवा

मेंदूबद्दल इथे फक्त नजर तयार होण्यापुरतं.

नवीन माहिती साठवण्याचं काम कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाशी बांधलेलं आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, झीज साधारणपणे याच भागात आणि त्याच्या शेजारी लवकर सुरू होते. अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे साठे तर लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून जमू लागतात. म्हणून १९७२ चा दुष्काळ तपशिलात आठवतो, पण सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही. "जुनं सगळं लख्ख आठवतं, म्हणजे काही झालेलं नाही" हा युक्तिवाद म्हणूनच फोल आहे.

कपाळामागचा भाग योजना, क्रम आणि संयम सांभाळतो. गौरीजेवणाचा स्वयंपाक ही त्याची खरी परीक्षा. काय आधी भिजवायचं, कोणती भाजी शेवटी, पुरण कधी शिजायला लावायचं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. प्रत्येक पदार्थ येतो पण सगळे मिळून वेळेत जमत नाहीत, अशी तक्रार आली की ती विसरण्याची नसून क्रमाची असते. घरचे नेमकी हीच तक्रार "दमली असेल" म्हणून सोडून देतात. माझ्या मते विसरलेल्या नावांपेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

वाट आणि जागा यांचं भान मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात असतं. इथे पुण्यात एक सावधगिरी लागते. विद्यापीठ चौकात गोंधळणं याला लक्षण म्हणू नका. एकेरी मार्ग आणि मेट्रोची कामं यांनी धडधाकट माणसांनाही फिरवून सोडलं आहे. पण चाळीस वर्षं सदाशिव पेठेत राहिलेला माणूस मंडईतून घरी येताना थबकला, तर ती नोंद मोठ्या अक्षरात करा.

रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तेव्हा चित्र वेगळं असतं. विचार मंदावतो, चाल बारीक पावलांची होते, उत्साह जातो. कधी घसरण पायरी-पायरीने होते : काही महिने तसंच, मग एकदम एक उतार. बऱ्याच ज्येष्ठांत अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा त्रास, दोन्ही एकत्र असतात.

टप्पा २ : तीन आठवडे नोंदवही ठेवा

शंभर पानी साधी वही पुरे. रोज लिहायची गरज नाही. घडलं की लिहायचं. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कोणतं काम होतं, काय चुकलं आणि ते कसं निस्तरलं, एवढं यावं. शेवटी एक प्रश्न : आठवण करून दिल्यावर काय झालं?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. "अगं, परवा लक्ष्मी रोडला गेलो होतो ना, तू हिरवी साडी बघितलीस" असं म्हटल्यावर "हो हो, काठ आवडले नव्हते मला" असं उत्तर आलं, तर माहिती साठवलेली होती, फक्त वेळेवर हाताला लागली नाही. वाढत्या वयात, ताणात, नैराश्यात आणि काही अंशी रक्तवाहिन्यांच्या त्रासात असं होतं. पण धागा देऊनही चेहरा कोराच राहिला, "मी गेलेच नव्हते" असं ठामपणे म्हटलं गेलं, तर माहिती आत शिरलीच नव्हती. हिप्पोकॅम्पसच्या बिघाडाची ती खूण असू शकते.

कामं निवडताना त्या माणसाची स्वतःची कामं निवडा. ज्या आजींनी आयुष्यात बँकेत पाऊल ठेवलं नाही, त्यांना पासबुक कळत नाही यात नवल नाही. त्यांच्यासाठी भिशीचा हिशेब, एकादशीची आठवण, कुकरच्या शिट्ट्या, कोणाच्या लग्नात किती आहेर झाला होता, हे बघा. निवृत्त कारकुनासाठी वीजबिल, पेन्शनचा हयातीचा दाखला, औषधांच्या वेळा बघा. स्कूटर चालवणाऱ्यासाठी नवे ओरखडे, सिग्नलला उशिरा थांबणं, उलट दिशेने घुसणं (ही शेवटची खूण आपल्या शहरात एकटी पुरावा म्हणून धरू नये).

तुलना शेजारच्या काकांशी करायची नाही. हाच माणूस पाच-दहा वर्षांपूर्वी हे काम कसं करायचा, एवढंच बघा. पूर्वीपासून चष्मा हरवणारा माणूस आजही चष्मा हरवत असेल, तर त्यात नवीन काही नाही.

नेहमीची चूक : परीक्षा घेत बसणं. "सांग बरं, आज वार कोणता? ही कोण, ओळख बघू?" अशा प्रश्नांतून निदान होत नाही, फक्त माणूस दुखावतो आणि पुढच्या खऱ्या चाचणीला येईनासा होतो.

खात्री करा : वहीत घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी आहेत का? एकट्या सुनेच्या किंवा एकट्या मुलाच्या वहीत त्यांचा स्वतःचा थकवाही उतरतो. अमेरिकेतल्या मुलाच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विसंबू नका. वीस मिनिटं सगळेच छान बोलतात.

टप्पा ३ : पिशवी, कान, झोप, मन

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. सगळी म्हणजे डॉक्टरांची, केमिस्टकडून परस्पर आणलेली, शेजारणीने दिलेली, वैद्यांची आणि उशाखालचीही. ही पिशवी फॅमिली डॉक्टरांसमोर रिकामी करायची.

त्यात चार प्रकार खास शोधा. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या वा घबराटीच्या गोळ्या. सर्दीच्या जुन्या गोळ्या, ज्यांत क्लोरफेनिरामीन असतं. लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनीन. नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन. ही औषधं वयस्कर मेंदूला सुस्त करतात आणि दोन-तीन एकत्र आली तर चांगल्या माणसाला भ्रमिष्ट करतात. याशिवाय मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर बी-१२ खाली जाण्याची शक्यता वाढते. त्या वाईट नाहीत, फक्त बी-१२ तपासायला हवं.

थांबा : यांतली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. झोपेची गोळी अचानक तोडली तर फिटचा झटका येऊ शकतो. ती डॉक्टर आठवड्या-आठवड्याने उतरवतात.

मग कान. जे ऐकूच आलं नाही ते विसरलं असं म्हणता येत नाही. आधी कानातला मळ बघून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. मध्यम वयापासूनची, उपचार न केलेली बहिरेपणाची तक्रार ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत फार वर मोडते. श्रवणयंत्र कपाटात ठेवलेलं असेल तर ते नसल्यातच जमा. मोतीबिंदूही याच फेरीत तपासा.

झोपेत मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी, अशी तक्रार असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाचा विचार डॉक्टरांपुढे मांडा.

आणि मन. जोडीदार जाऊन वर्ष झालं नसेल, मुलं नुकतीच परदेशी गेली असतील, वाडा सोडून बाराव्या मजल्यावर राहायला आला असाल, तर नैराश्याची शक्यता आधी तपासा. एक ढोबळ खूण अशी : नैराश्यात माणूस स्वतःच "माझं डोकं चालत नाही" अशी तक्रार करतो, प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून सोडून देतो. अल्झायमरच्या सुरुवातीला तक्रार बहुधा घरचे करतात आणि तो स्वतः "मला काही झालेलं नाही" म्हणतो. या खुणेवर निदान होत नाही, पण डॉक्टरांना ती सांगायला हवी.

टप्पा ४ : रक्ततपासणी

फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. साधारण यादी अशी असते : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, कॅल्शियम. गरजेनुसार डॉक्टर यात भर घालतील. 'सिनियर सिटिझन पॅकेज' घ्यायला हरकत नाही, पण त्यात बी-१२ आणि सोडियम आहे का ते आधी विचारा.

शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते की काही डॉक्टर आकडा न बघताच इंजेक्शन देतात. तसं होऊ देऊ नका. आधी नमुना, मग सुई. एकदा इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा चढतो आणि मूळ कमतरता किती होती हे कळायला मार्ग राहत नाही. आकडा सीमेवर आला तर होमोसिस्टीनची (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) चाचणी मदतीला येते. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर ते लॅबला सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात, म्हणून दोन-तीन दिवस ते थांबवायला सांगितलं जातं.

खात्री करा : काही दोष सापडला तर तो दुरुस्त करून मगच पुढची चाचणी. थायरॉइडची गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी स्मृतिचाचणी घेण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवडे द्या. मात्र बी-१२ भरून निघालं आणि तरी वहीतल्या नोंदी तशाच राहिल्या, तर "बी-१२ च होतं ते" म्हणत वर्ष काढू नका.

टप्पा ५ : कोणाकडे जायचं, काय न्यायचं

मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ, तिघांपैकी कोणीही ही तपासणी सुरू करू शकतं. चालण्यात फरक, हातात थरथर, झटका असं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ आधी. उदासी, संशय, भास जास्त असतील तर मानसोपचारतज्ज्ञ आधी. खर्चाचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढायला सकाळी लवकर जा आणि बरोबर एक जास्तीचं माणूस न्या, म्हणजे रांगेत एक उभा राहील आणि दुसरा आई-बाबांजवळ बसेल.

बरोबर औषधांची पिशवी, रक्ताचे रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि वहीचा एक पानी गोषवारा न्या. एक पान म्हणजे एकच पान. डॉक्टरांकडे दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यात सगळी वही वाचली जाणार नाही. पानावर तीन गोष्टी लिहा : पहिला बदल कधी दिसला, कोणतं काम आता दुसऱ्याला करावं लागतं, आणि गेल्या सहा महिन्यांत काय वाढलं.

हे पान आत जाण्याआधी स्वागतकक्षात द्या. वडिलांच्या देखत "यांना काही आठवत नाही हो" असं सुरू केलं की ते एक तर गप्प होतात किंवा भडकतात. घरून निघतानाही "तुझी स्मृती तपासायची आहे" असं तोंडावर फेकू नका आणि "फक्त बीपी बघायचंय" अशी थापही मारू नका. "हल्ली नावं अडतात म्हणतेस ना, रक्ताचे रिपोर्ट दाखवू आणि तेही विचारू" हे खरंही आहे आणि झेपणारंही.

टप्पा ६ : चाचणीचा दिवस

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

दवाखान्यात सहसा १०-१५ मिनिटांची छोटी चाचणी घेतात. एमएमएसई आणि मोका या त्यांतल्या नेहमीच्या, दोन्ही ३० गुणांच्या. तारीख-वार, काही शब्द ऐकून थोड्या वेळाने आठवणं, शंभरातून सात-सात वजा करणं, चित्र उतरवणं असं त्यात असतं. मोकामध्ये घड्याळही काढायला सांगतात. त्यात योजना, जागेचं भान आणि अंकांची समज, तिन्हींची एकदम परीक्षा होते. शंका उरली तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तास-दोन तासांची सविस्तर चाचणी घेतात आणि स्मृती, लक्ष, भाषा, नियोजन यांचे वेगवेगळे निष्कर्ष देतात. लवकरच्या टप्प्यावर खरा उलगडा या मोठ्या चाचणीतच होतो. तिचा कंटाळा करू नका.

वेळ सकाळची घ्या. आदली रात्र जागरणाची नको, लग्नाहून किंवा लांबच्या प्रवासातून परतल्याचा दुसरा दिवस नको. रुग्णालयातून घरी येऊन काही आठवडे झाले नसतील, तर तारीख पुढे ढकला. शस्त्रक्रियेनंतरचा गोंधळ ओसरायला वेळ लागतो.

नाश्ता आणि रोजची औषधं नेहमीप्रमाणे. मधुमेह्याला उपाशी पोटी चाचणीला बसवणं म्हणजे गुण घालवणं. जवळचा चष्मा घ्या, लांबचा नव्हे. श्रवणयंत्रात नवे सेल घाला. गर्दीतून दमून-भागून पोहोचू नका. अर्धा तास आधी जा, पाणी द्या, लघवीला जाऊन येऊ द्या.

चाचणी घेणाऱ्याला सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगा. पहिली, शिक्षण वर्षांत. "मॅट्रिक" एवढंच सांगितलं तर तरुण परीक्षक दहा वर्षं लिहितो. १९७५ पूर्वीची आपली शालान्त परीक्षा अकरावीला होती. मोकामध्ये शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात आणि मोठ्या चाचणीत तर शिक्षणाच्या वर्षांवर सगळी तुलनाच बदलते. दुसरी गोष्ट, भाषा. घरी आयुष्यभर मराठी बोललेल्या आजींची चाचणी इंग्रजीत किंवा हिंदीत घेतली, तर तो निकाल आजींचा नसतो. मराठीत चाचणी घेणारं माणूस वेळ ठरवतानाच मागून घ्या. आणि आजींनी तारखेऐवजी "आज भाद्रपद शुद्ध पंचमी" असं सांगितलं, तर परीक्षकाने गोंधळून जायचं कारण नाही. तसं हळूच सांगून ठेवा.

तुम्ही बाहेर बसा. आत बसावंच लागलं तर मागे बसा आणि तोंड बंद ठेवा. ऐकलेले शब्द आठवताना आईने "दुर्वा, समई..." म्हणून मदतीसाठी तुमच्याकडे मान वळवली तर हसा, पण शब्द पुरवू नका. मान वळवून सोबतच्या माणसाकडे बघणं हेसुद्धा परीक्षकाला काहीतरी सांगत असतं.

सावधान : इंटरनेटवरून चाचणी उतरवून घरी सराव करून घेऊ नका. पाठ झालेले शब्द गुण वाढवतात आणि निदान एक-दोन वर्षं मागे पडतं. याच कारणाने, दुसरं मत घ्यायला गेलात तर कोणती चाचणी कधी झाली हे सांगा, म्हणजे ते वेगळी आवृत्ती वापरतील.

टप्पा ७ : आता स्कॅन

एमआरआय आता काढायचा, कारण आता डॉक्टरांना काय शोधायचं ते ठाऊक असतं. चिठ्ठीवर 'स्मृतीची तक्रार' असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे हिप्पोकॅम्पस नीट दिसेल अशा छेदांत चित्रं घेतली जातात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात धातूचा कण, जे असेल ते आधी सांगा. एमआरआय शक्य नसेल तर सीटी स्कॅनवर रक्तस्राव, गाठ आणि मेंदूत साचलेलं पाणी तरी कळतं. हे साचलेलं पाणी लक्षात ठेवा : पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसराळूपणा हे तिन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काहींना शस्त्रक्रियेने फायदा होतो.

रिपोर्ट स्वतः वाचून घाबरू नका. 'वयानुसार झीज' आणि 'बारीक रक्तवाहिन्यांचे बदल' हे शब्द सत्तरीनंतरच्या असंख्य रिपोर्टांत असतात. उलट, नॉर्मल एमआरआयने सुरुवातीचा अल्झायमर नाकारता येत नाही. पेट स्कॅन, पाठीतल्या पाण्याची तपासणी, जनुक चाचणी यांच्या वाटेला तज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय जाऊ नका.

टप्पा ८ : निकालाचा अर्थ

साधारण तीन शक्यता. वयानुसार सगळं ठीक. किंवा सौम्य बोधक्षीणता, ज्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात : चाचणीत घसरण दिसते, पण माणूस आपली कामं स्वतः करतो, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. किंवा सुरुवातीचा स्मृतिभ्रंश : रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागू लागली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातली रेघ गुणांनी आखली जात नाही. ती तुमच्या वहीतल्या कामांनी आखली जाते. २४ गुण आले की स्मृतिभ्रंश आणि २७ आले की सुटलो, असं समीकरण नाही.

एमसीआय झालेल्या प्रत्येकाला पुढे स्मृतिभ्रंश होतोच असं नाही. स्मृतीच्या दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के पुढच्या टप्प्यात जातात, काही तिथेच राहतात आणि काही पुन्हा नॉर्मलला येतात.

औषधांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही अल्झायमरमध्ये लक्षणांना काही काळ आधार देतात, झीज थांबवत नाहीत. एमसीआयमध्ये डोनेपेझिलने पुढची घसरण टळते हे सिद्ध झालेलं नाही. ते नाडी मंदावू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजीबद्दल विचारा. मेंदूच्या 'टॉनिक'वर पैसे घालवू नका. जिंको या वनस्पतीच्या अर्काचंच बघा : अमेरिकेत ७५ आणि पुढच्या वयाच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल २००८ साली आला आणि त्याने स्मृतिभ्रंश कमी झाला नाही.

टप्पा ९ : पैसा आणि कागदपत्रं, जमतंय तोवर

हा टप्पा घरोघरी पुढे ढकलला जातो, कारण बोलायला अवघड. पण कायद्याची एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते : भारतात, लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवता, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून एकट्या मुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नका. बँक खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा) पद्धतीने संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनी तपासा, आणि मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ताच, दोन साक्षीदारांसमोर, त्याच दिवशीच्या डॉक्टरांच्या दाखल्यासह. एमसीआयचं निदान झालेला माणूस मृत्युपत्र करू शकतो. त्या वेळी त्याला आपण काय करतोय हे समजलं पाहिजे.

थांबा : भीतीपोटी फ्लॅट मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकू नका. मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीसपत्र फिरवणं फार अवघड.

यूपीआयची मर्यादा कमी करा आणि मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. 'पोलीस बोलतोय' असं म्हणणाऱ्या फोनांना बळी पडणं हे निर्णयक्षमता कमी झाल्याचं लवकरचं लक्षण असू शकतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा, ओरडण्यात वेळ घालवू नका.

टप्पा १० : दिनक्रम आणि पुढची तारीख

रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं हा यातला सर्वांत रुक्ष आणि सर्वांत खात्रीचा भाग. रक्तदाब उभं राहून मोजायलाही सांगा. फार खाली गेला तर माणूस पडतो. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने १४ धोके मोजले आहेत, ज्यांवर काम केलं तर जगातल्या जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा घालता येईल किंवा तो लांबवता येईल. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, दृष्टिदोष, एकटेपणा आणि व्यायामाचा अभाव त्यांत आहेत.

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं. गुडघे चांगले असतील तर तळजाई, नसतील तर सारसबागेचे फेरे; पर्वतीच्या पायऱ्यांचा हट्ट नको. शब्दकोड्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे : कोडी सोडवून माणूस कोड्यांत तरबेज होतो, गॅस बंद करण्यात नाही. त्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघात किंवा भजनी मंडळात जाणं बरं, तिथे चालणं, बोलणं, चाल लक्षात ठेवणं आणि चार माणसांत वेळेवर पोहोचणं हे सगळं एकदम होतं.

घरात सात दिवसांचा गोळ्यांचा डबा, किल्ल्यांना एकच खुंटी, भिंतीवर मोठं कॅलेंडर. काही शिकवताना अंदाज करायला लावू नका. उत्तर सांगा आणि तेच लगेच करून घ्या. चुकीचा अंदाज केला की कधी कधी तीच चूक लक्षात राहते. कामं काढून घेऊ नका, लहान करा. पूर्ण स्वयंपाक जमत नसेल तर भाजी निवडणं आणि फोडणी, बाजूला कोणी असताना.

सहा महिने ते वर्षभराने पुन्हा तपासणी. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि त्याआधी तीन आठवडे वही पुन्हा उघडा. मधल्या काळात वाट चुकणं, गॅस उघडा राहणं, रात्री भास होणं किंवा वारंवार पडणं सुरू झालं तर तारखेची वाट पाहू नका. सांभाळणाऱ्यांसाठी दोन क्रमांक फोनमध्ये जपून ठेवा : ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचं टेली-मानस १४४१६.